मुकादमाचा केसपेपर

सिस्टरांच्या तावडीतून जंतू सुटला, असं पस्तीस वर्षांत कुणी पाहिलं नाही. ऑपरेशन थिएटरच्या त्या मुख्य नर्स. मोठमोठे सर्जन त्यांच्यासमोर हात पुढे करून शाळकरी पोरांसारखे उभे राहायचे. सिस्टर नखं बघायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा धुवा." सर्जन निमूटपणे पुन्हा धुवायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या घराचं दार उघडलं की आधी फिनेलचा वास बाहेर यायचा आणि त्याच्या मागून सिस्टर. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

त्यांचे यजमान बसचे ड्रायव्हर. एकोणतीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली आणि त्यातली बावीस वर्षं मागे कंडक्टरही एकच. आता ड्रायव्हर पुढे, कंडक्टर मागे, आणि मध्ये पन्नास माणसं, त्यांच्या पिशव्या, त्यांची भांडणं, त्यांची रडणारी पोरं. बोलणार कसं? बोलायचं ते घंटेनं. एक घंटा म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे गाडी भरली, आता कुणालाही घेऊ नकोस. एवढ्या भांडवलावर दोघांची बावीस वर्षं दोस्ती टिकली. सिस्टर म्हणायच्या, "आमचं दिवसभर बोलूनही एकमेकांना कळत नाही, आणि तुमचं तीन घंटांत भागतं!"

ड्रायव्हरना शौक एकच. बाहेरच्या खोलीत, लोखंडी स्टँडवर, तीन फुटी फिश टँक. त्यात चार गोल्डफिश. त्यातला थोरला नारंगी, पोटावर पांढरा डाग, वय नऊ वर्षं. तो दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा आणि वाटेत बाकीच्या तिघांना ढोसायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. संध्याकाळी पाच वाजता ड्रायव्हर काचेवर नखानं दोनदा वाजवत. टक टक. दोन घंटा. मुकादम असेल तिथून निघून वर यायचा आणि बोटांतून दाणे घ्यायचा.

सिस्टर त्या टँकच्या वाटेला जात नसत. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ, फिल्टरमधला स्पंज तर विचारू नका, चिखलात लोळवून काढल्यासारखा तपकिरी. ड्रायव्हर दोन-तीन महिन्यांतून एकदा तो टँकमधल्याच पाण्यात थोडा पिळायचे आणि परत लावायचे. "धुतलंत म्हणायचं का याला?" सिस्टर विचारायच्या. "हा खातेरा माझ्या घरात आहे हे थिएटरमध्ये कळलं, तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही." ड्रायव्हर हसत. "तुझं थिएटर तुझ्याकडे, माझं माझ्याकडे," म्हणत.

चार महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करता करता ड्रायव्हरांच्या हातातून ब्रश पडला. पाठोपाठ ते पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यात पाच आठवडे काढले. त्यात मधेच छातीत संसर्ग झाला, चार दिवस अगदी जिवावर बेतलं. काचेपलीकडे नवरा आणि अलीकडे आपण, पस्तीस वर्षं जंतू मारलेल्या बाईला हे पाहावं लागलं. त्या चार दिवसांत सिस्टरांनी मनाशी पक्कं केलं, की यापुढे एकही जंतू या माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही.

घरी आणल्यावर पलंग बाहेरच्या खोलीत मांडला, टँकच्या बरोबर समोर, कारण तिथेच उजेड चांगला होता. दाराशी साबण, टॉवेल आणि तोंडाला बांधायच्या पट्ट्यांचा डबा. परगावी असलेली मुलगी दोन दिवसांसाठी आली, तर तिला आधी आंघोळ आणि मग वडील, असा क्रम. कंडक्टर दर आठवड्याला यायचे. त्यांनी पट्टी बांधायची, हात धुवायचे, पलंगापासून चार हातांवर स्टुलावर बसायचं. वेळ पाच मिनिटं. सिस्टर छातीशी लावलेल्या घड्याळाकडे बघत उभ्या. अशा देखरेखीखाली माणूस काय बोलणार? "काय उस्ताद, बरंय ना?" म्हणायचं आणि पाच मिनिटं संपायची. एकदा कंडक्टर खोकले. एकदाच, आणि तेही पट्टीच्या आत. सिस्टर म्हणाल्या, "भावजी, पूर्ण बरे झालात की मगच या." भावजी दोन दिवसांत बरे झाले. पण 'आता या' असं काही सिस्टर म्हणाल्या नाहीत, आणि न बोलावता येण्याइतका तो माणूस कोडगा नव्हता. त्याला सहा आठवडे होऊन गेले.

ड्रायव्हर आता नुसते पडून असत. पाणी हवं का, कूस बदलू का, उजेड डोळ्यांवर येतो का, काहीही विचारलं की डोळे मिटून घेत. हो म्हणून मिटले की कंटाळून, ते सिस्टरांना कळत नसे. त्या आपल्या अंदाजानं पाणी देत, अंदाजानं कूस बदलत. नजर तेवढी जिवंत होती, आणि ती फक्त एकाच ठिकाणी. मुकादम डावीकडे गेला की नजर डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. सिस्टरांनी हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. आजारी माणसाला जगाशी बांधणारा एखादा धागा असतो, तो तुटू द्यायचा नसतो, हे त्यांनी नव्या मुलींना किती वेळा शिकवलं असेल. आपल्या नवऱ्याचा धागा म्हणजे एक नारंगी मासा आहे, हे मात्र त्यांना जरा अवघडच गेलं.

तर ज्या टँककडे माझ्या माणसाचं तोंड आहे, त्यात घाण? सिस्टरांनी पदर खोचला. मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. काच आरपार दिसेपर्यंत घासली. तळातले खडे आणि तो भयंकर स्पंज मोठ्या पातेल्यात घालून वीस मिनिटं खळखळून उकळले. स्पंज पांढरा निघाला. तो मुळात पांढरा होता हे सिस्टरांना त्या दिवशी कळलं, आणि त्यांना थिएटर आवरून घरी जाताना वाटायचं तसं समाधान वाटलं. नळाचं पाणी एक दिवस भरून ठेवूनच टँकमध्ये घालायचं, एवढं ड्रायव्हरांचं पाहून त्यांना माहीत होतं, ते त्यांनी पाळलं. पाणीही उकळून घालावं असं मनात आलं होतं, पण शंभर लिटर पाण्यापुढे गॅस सिलिंडरनं हात टेकले. मग दर रविवारी हाच कार्यक्रम.

तिसऱ्या आठवड्यात मुकादमाचं काहीतरी बिनसलं. पर अंगाशी चिकटवून तो पाण्याच्या वरच्या थरात लटकून राहायचा आणि तोंड उघडमीट करायचा. कल्ल्यांच्या कडा लाल दिसायच्या. शेपटीची किनार फाटक्या फडक्यासारखी झाली. येरझारा बंद. आणि येरझारा बंद झाल्या तशी पलंगावरची नजरही एका जागी थांबली.

सिस्टर घाबरल्या, आणि घाबरल्या की त्या जे करत तेच त्यांनी केलं. केसपेपर उघडला. वहीच्या पानावर रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'रुग्ण: मुकादम. वय: ९ वर्षे.' खाली तारीख, वार, पाण्याचं तापमान, भूक, शौच, शेरा. श्वास मोजायला कल्ल्यांची हालचाल. सिस्टर स्टूल घेऊन टँकसमोर बसत, घड्याळ हातात धरत आणि पूर्ण एक मिनिट मोजत. सोमवारी सत्तर. बुधवारी ब्याण्णव. शुक्रवारी एकशे दहा. रविवारी टँक धुतला की सोमवारी पुन्हा बहात्तर, मासा तरतरीत. गुरुवारी परत मान टाकली.

याचा अर्थ सिस्टरांच्या मते सरळ होता. धुतलं की बरं वाटतं, म्हणजे उपचार बरोबर आहे, डोस कमी पडतोय. त्यांनी स्पंज आठवड्यातून दोनदा उकळायला सुरुवात केली. शेपटीची किनार सडतेय म्हणून औषध आणलं. बाटलीवर लिहिलं होतं, औषध घातल्यावर पाच दिवस पाणी बदलू नये. सिस्टरांनी औषधाच्या बाटलीवरचा शब्द आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्यांनी पाच दिवस पाणी बदललं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चौघांतला सगळ्यात लहान मासा तळाशी आडवा होता. ड्रायव्हरांना जाग येण्याआधीच सिस्टरांनी तो कागदात गुंडाळून बाहेर नेला, हात धुतले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पडदा उघडला. ड्रायव्हरांची नजर टँकमध्ये फिरली. एकदा फिरली, परत फिरली. मोजत होते ते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दिवसभर पेजेचा एक चमचा घेतला नाही.

दुपारी सिस्टर मुकादमासमोर बसल्या. एकशे चोवीस. आकडा लिहून त्यांनी वही मिटली. "हे बघ," त्या अगदी हळू आवाजात माशाला म्हणाल्या, "तू गेलास तर हा माणूस माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही. ऐकतोस ना?" माशाशी आपण बोलतोय याची लाज वाटायलाही त्यांना सवड नव्हती. शेजारीण तासभर घरात बसली, आणि सिस्टर केसपेपर, टँकमधल्या पाण्याचा नमुना आणि डब्यात घातलेला स्पंज घेऊन माशांच्या दुकानात गेल्या. नमुन्याची बाटली अर्थातच उकळलेली होती. तिच्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी.

दुकानात भिंतीला लागून टँकच टँक, सगळीकडे पंपांची बुडबुड. दुकानदारीण पस्तिशीची, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, नखांत शेवाळ. सिस्टरांची नजर त्या नखांवर गेली आणि 'पुन्हा धुवा' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

"बोला मावशी," दुकानदारीण म्हणाली.

दवाखान्यात मावशी म्हणजे फरशी पुसणारी, भांडं देणारी बाई. पस्तीस वर्षं सिस्टरांनी दुसऱ्यांना मावशी म्हटलं होतं. पण अडला जीव, त्यांनी ते गिळलं आणि केसपेपर पुढे केला.

दुकानदारीण आधी हसायच्या बेतात होती. मग वाचायला लागली आणि हसू मावळलं. तिनं ओलं बोट श्वासांच्या रकान्यावरून वरून खाली फिरवलं. "मावशी, इतकं नीट लिहून मला आजवर कुणी आणून दिलं नाही. लोक येतात आणि म्हणतात, मासा कसातरीच करतोय." ती थांबली. "हा आकडा सोमवारी उतरतो आणि मग रोज चढत जातो. रविवारी काय करता तुम्ही?"

"सगळं पाणी बदलते. सगळं धुते."

"हं." तिनं काचेच्या लहान नळीत नमुना ओतला, त्यात दोन बाटल्यांतले थेंब टाकले, नळी हलवून उभी ठेवली. "पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया."

नळीसमोर उभं राहून रंगाची वाट बघणं सिस्टरांना नवं नव्हतं. पाणी पोपटी झालं, मग हिरवं, मग गर्द हिरवं.

"अमोनिया आला कुठून?" सिस्टर म्हणाल्या. "मी एक कण घाण राहू देत नाही."

"माशांच्याच गू-मुतातून येतो. सगळ्याच टँकमध्ये येतो. तो खाऊन टाकणारं कुणीतरी लागतं. स्पंज बघू."

सिस्टरांनी डबा उघडला. दुकानदारिणीनं स्पंज हातात घेतला, उजेडात धरला. "नवा आणलात?"

"छे. कितीतरी वर्षं जुना आहे."

"मग पांढरा कसा?"

"उकळते ना," सिस्टर म्हणाल्या, जरा ताठ मानेनंच. "आठवड्यातून दोनदा. वीस मिनिटं."

दुकानदारिणीनं स्पंज बाजूला ठेवला. मग तिनं मागच्या टँकमध्ये हात घालून स्वतःचा स्पंज बाहेर काढला. तपकिरी, बुळबुळीत, थेट ड्रायव्हरांच्या जुन्या स्पंजासारखा. "मावशी, ही जी घाण दिसते ना, ती नुसती घाण नाही. हिच्यात जंतू राहतात. माशांनी केलेलं विष हे खातात, म्हणून मासे जगतात. ते वसायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही दर आठवड्याला त्यांना उकळून मारता. रविवारी नवं पाणी मिळालं की मासा दोन दिवस बरा, मग पुन्हा विष साठतं. आणि औषध घालून पाच दिवस पाणी तसंच ठेवलंत तेव्हा तर—"

"एक गेला," सिस्टर म्हणाल्या.

बाजूच्या उंच स्टुलावर त्या टेकल्या. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. माशाला काही रोग झालेलाच नव्हता. रोग आपण होतो, आणि तो आपण आकडे मांडून, तारखा घालून, सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवला होता.

"वाचेल का?" त्यांनी विचारलं.

"वाचेल. औषध बंद. आजच अर्धं पाणी बदला, मग रोज अर्धं. दोन दिवस दाणे नाहीत. पण तुमचा स्पंज आता मेलेला आहे. त्याच्या जोडीला एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधला घाणेरडा स्पंज लावा, म्हणजे विरजण लागल्यासारखं होईल. माझा देत नाही, दहा ठिकाणचे मासे येतात इथे, एखादा रोग सोबत यायचा. ओळखीत कुणाचा आहे का घरचा टँक? वर्षानुवर्षं चाललेला?"

ओळखीत असा टँक एकच होता. सात वर्षांपूर्वी कंडक्टरांनी घरी टँक मांडला, तेव्हा ड्रायव्हरांनी त्यांना दोन मासे दिले होते, आणि स्वतःचा तो कळकट स्पंज कात्रीनं मधोमध कापून अर्धा दिला होता. सिस्टर तेव्हा फाडकन म्हणाल्या होत्या, "अहो, भेट द्यायची तर नवी तरी द्या! वापरलेलं काय देता माणसाला?" दोघं दोस्त एकमेकांकडे बघून हसले होते. ते का हसले, हे सिस्टरांना सात वर्षांनी, एका परक्या दुकानात, स्टुलावर बसून कळलं.

घरी येऊन त्यांनी अर्धं पाणी बदललं आणि फोन हातात घेतला. दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"वहिनी?" पलीकडचा आवाज एकदम चिरकला. "उस्ताद बरा आहे ना?"

"बरे आहेत, बरे आहेत. भावजी, मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी होती." सिस्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमच्या टँकमधली घाण."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "किती?"

"असेल तेवढी."

अर्ध्या तासात कंडक्टर दारात हजर. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात झाकणाचा डबा, तोंडाला पट्टी आधीच बांधलेली. डबा बगलेत धरून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, तळवे खाली. "धुतलेत," ते म्हणाले. सर्जन उभे राहायचे तसेच उभे होते ते, आणि हे बघून सिस्टरांना फार वाईट वाटलं. त्या नुसत्या बाजूला झाल्या.

ड्रायव्हर अजून भिंतीकडे तोंड करून होते. कंडक्टरांनी डब्यातून स्पंज काढला. अर्धा कापलेला, तोच. एका बाजूला कात्रीची सरळ धार अजून दिसत होती. त्यांनी तो फिल्टरमध्ये सिस्टरांच्या पांढऱ्याशुभ्र स्पंजाला चिकटवून बसवला. मग डब्यात उरलेलं तपकिरी पाणी दाखवून विचारलं, "हेही?"

"हेही," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

कंडक्टरांनी डबा ओतला. सिस्टरांनी राखलेल्या, आरपार दिसणाऱ्या, ऑपरेशन करावं इतक्या स्वच्छ पाण्यात चिखलाचा ढग पसरला. सिस्टरांच्या तोंडून, "अग बाई!" असा आवाज निघाला, मांजरीचं शेपूट दारात सापडल्यासारखा.

त्या आवाजानं ड्रायव्हरांनी मान वळवली. आधी गढूळ टँक दिसला. मग डबा हातात धरलेला कंडक्टर. मग बायकोचा चेहरा. आणि चार महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं, ड्रायव्हर हसले. अर्ध्याच तोंडानं, वाकडं, घशातून घरघर आवाज करत, पण खांदे हलेपर्यंत हसले. तो आवाज ऐकून कंडक्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि पट्टी भिजली.

त्यांनी ओला हात पॅंटला पुसला, उस्तादाच्या हाताकडे नेला, आणि मधेच थांबून सिस्टरांकडे पाहिलं. "हात धुऊन येऊ?"

सिस्टरांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांचा शब्द तोंडात तयार होता.

"नंतर धुवा," त्या म्हणाल्या. "आधी बसा त्यांच्याजवळ. आणि ती पट्टी काढा, ओली झालीय."

"किती मिनिटं?"

"भावजी, लाजवू नका मला."

त्या चहा टाकायला आत गेल्या. बाहेरून कंडक्टरांचा आवाज येत होता, कुठला डेपो मॅनेजर, कुठला फुटलेला टायर. मग लोखंडी पलंगाच्या कठड्यावर दोनदा वाजलं. "उस्ताद, दोन दिल्यात. चल की आता! मागे गाड्या खोळंबल्या." थोडा वेळ काहीच नाही. आणि मग पुन्हा दोनदा वाजलं, हळू, अडखळत. सिस्टर गाळणं हातात घेऊन दारात आल्या. ड्रायव्हरांचा डावा हात कठड्यावर होता. एक बोट वर उचललेलं.

"आता विचारा वहिनी," कंडक्टर म्हणाले. "एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल."

"पाणी हवंय?" सिस्टरांनी विचारलं. टक. "कूस बदलू?" टक. "मग, पडदा ओढू?" टक टक. अडीच महिने तो उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता. सिस्टरांनी पडदा ओढला, आत जाऊन बेसिनचा नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. पाच आठवडे दवाखान्यात, अडीच महिने घरी, इतकी सेवा केली, आणि ह्या माणसाला बोलता येतं हे आपल्याला कळलं नाही. ज्याला ते कळलं असतं त्याला आपणच दारातून परत पाठवलं होतं.

पुढे तीन आठवडे केसपेपर चालू राहिला. एकशे चोवीसचे एकशे दोन झाले, मग पंच्याऐंशी. रोज अर्धं पाणी, मग पाव. दुकानदारीण नमुना तपासायची. गर्द हिरवा, पोपटी, आणि अखेर एका मंगळवारी पिवळा. "सिस्टर," ती त्या दिवशी म्हणाली, कुणाकडून कळलं कुणास ठाऊक. सिस्टर म्हणाल्या, "मावशीच म्हण." मुकादमाच्या शेपटीची किनार थोडी फाटकी राहिली ती राहिलीच, पण येरझारा सुरू झाल्या आणि त्यांच्यामागोमाग नजरही. कंडक्टर रोज पाच वाजता यायला लागले. साबण दाराशी होता तिथेच होता, आल्यावर ते हात धुवायचे, कुणी न सांगता. पेजेच्या वेळी ड्रायव्हरांनी पहिल्यांदा तीन घंटा दिल्या, तेव्हा सिस्टरांना कळेचना. कंडक्टर पोट धरून हसले. "गाडी भरली वहिनी! आता चमचाभरही घेणार नाही."

मग एक रविवार आला. सकाळची वेळ, घरात दोघंच. सिस्टरांनी न्याहारीची पेज गॅसवर ठेवली, आणि कशी कोण जाणे, जुन्या सवयीनं शेजारी मोठं पातेलंही पाण्यानं भरून चढवलं. बाहेर आल्या, पदर खोचला, टँकचं झाकण उचललं आणि फिल्टरला हात घातला. बोटांना बुळबुळीत लागलं.

टक.

मागून, पलंगाच्या कठड्यावर. एकच.

सिस्टर जागच्या जागी थांबल्या. हात पाण्यात तसाच. मुकादम येऊन त्यांच्या मनगटाला ढोसून गेला. एकतीस वर्षांच्या संसारात या घंटा त्यांनी हजारदा ऐकल्या होत्या, पण त्या कंडक्टरच्या असत, माशांसाठी असत, नाहीतर हल्ली त्यांनीच विचारलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून असत. ही न विचारता आलेली, त्यांच्यासाठी होती.

"सवय हो," त्या न वळताच म्हणाल्या. "काढते हात." त्यांनी हात बाहेर काढला, झाकण लावलं, आत जाऊन पातेल्याखालचा गॅस बंद केला. परत येऊन त्या ओला हात पदराला पुसत पलंगाशी आल्या. स्टुलावर नाही, पलंगाच्या कडेलाच टेकल्या, कधी नव्हे ते. "थांबले. बोला, आता काय? पाणी हवंय?"

टक.

"भूक लागलीय? पेज होतेय, दहा मिनिटं."

टक.

"मग हवंय तरी काय तुम्हाला?"

ड्रायव्हरांनी डावा हात कठड्यावरून उचलला. तो थोडा हवेत चाचपडला, मग सिस्टरांच्या त्या ओल्या, माशांचा वास येणाऱ्या हातावर येऊन पडला. आणि एका बोटानं त्यांनी तिथेच, त्यांच्या हाताच्या पाठीवर वाजवलं. एक. दोन. सिस्टर उठायला लागल्या, तेवढ्यात तिसरी.